निधनाचं सेशन

भावजी,

परवा सकाळी तुम्ही पुन्हा आपल्या गल्लीतून गेलात. तुमचा तेरावा होऊन चार दिवस झाले होते. मी परातीत पीठ मळत होते. आधी भोंग्याची खरखर आली, मग तुमचा आवाज, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की". एवढ्याने मी दचकले नाही. ती जाहिरात मीच तासाभरापूर्वी करून नामदेवच्या रिक्षात दिली होती आणि वाक्य तुमच्याच आवाजात असणार हे मला ठाऊक होतं. पण पुढे जे नाव आलं ते एक नव्हतं. दोन नावं एकाच वेळी आली, एकमेकांच्या अंगावर. एक होतं धनगर वस्तीवरच्या हौसाबाईंचं. दुसरं तुमचं.

दोन्ही नावं माझ्या आवाजात होती. त्यांच्या मागून पुन्हा तुम्ही, शांतपणे, "यांचे दुःखद निधन झाले आहे". समोरच्या ओट्यावर गवार मोडत बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी पिठाच्या हातांनी रस्त्यावर धावले आणि नामदेवला हाका मारल्या, पण स्वतःच्या भोंग्यापुढे त्याला काय ऐकू येणार! रिक्षा वळणावर गेली, तिथून बाजारात, तिथून स्टँडवर. तुम्ही दुसऱ्यांदा गेल्याचं अर्ध्या पलूसने ऐकलं. आणि तुमच्या शैलाने ऐकलं. तुमच्या दोन्ही खिडक्या धाडकन लागल्या, त्या मला रस्त्यावरून दिसल्या.

तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, "वैनी, सेव्ह दाबलं काय?"

होय, दाबलं. आता सगळं सांगते, मध्ये बोलू नका.

तुम्ही फौजेतून पेन्शनवर आलात तेव्हा द्राक्षाचं खूळ घेऊन आला होतात. माल गार करायला मळ्यात ती खोली बांधलीत, भिंतींत वीतभर थर्माकोल, वर पत्रा, दाराला रबराची कड. पुढे मोठी कोल्ड स्टोरेजं झाली आणि तुमची खोली रिकामी पडली. यंत्र काढून टाकलंत, खोली ठेवलीत. एके दिवशी मला आत उभं करून दार लावलंत आणि म्हणालात, "बोला कायतरी." मी 'अ आ इ' म्हटलं. शाळेत पस्तीस वर्षं खणखणीत बोललेली बाई मी, पण तिथे अक्षर ओठांबाहेर पडलं की संपत होतं. भिंतीकडून काही परत येत नव्हतं. मग माझ्याच कानांतलं रक्त मला ऐकू यायला लागलं. मी दार बडवून बाहेर आले आणि तुम्ही पोट धरून हसलात. "फौजेत सिग्नलमधी एवढी शांत जागा मिळाली न्हाई वैनी, ती हितं गावली."

त्या खोलीत तुम्ही गावाच्या जाहिराती करायला लागलात. कराडहून जुना कॉम्प्युटर आणून त्यावर लिनक्स चढवलंत. मी म्हटलं, चार लोक वापरतात ते वापरा की. तर म्हणालात, "त्येच्यात झाकलेलं लय. ह्याच्यात कुठली वायर कुठनं कुठं जाती ते समदं उघडं दिसतंय." पाणी कधी सुटणार, लसीकरण कुठल्या शाळेत, कुणाची शेळी हरवली. पाणी आणि लस माझ्या आवाजात. शेळीसुद्धा माझ्याच. निधन मात्र तुमच्याकडे.

मला तुम्ही सगळं शिकवलंत, ते सेशन मॅनेजरचं प्रकरणही. आवाज घ्यायचा प्रोग्राम वेगळा, खरखर काढायचा वेगळा, भोंग्यावर फाटू नये म्हणून आवाज आवळायचा तिसरा. हे सगळे रोज हाताने उघडून एकमेकांना जोडत बसायचं तर अर्धा दिवस जाईल. म्हणून हा मॅनेजर. त्याला फक्त 'पाणी' किंवा 'हरवले' असं सेशनचं, म्हणजे मांडून ठेवलेल्या कामाचं, नाव सांगायचं. तो एकेकाला उठवतो, जागेवर बसवतो, मधल्या वायरी जोडतो, आणि मागच्या वेळी सेव्ह केलं तेव्हा होतं तस्संच सगळं पुढ्यात आणून ठेवतो. "हा आमचा हवालदार मेजर," तुम्ही म्हणायचात. "रोल कॉल घेतोय. एकजण जरी बोलला न्हाई तरी थांबून ऱ्हातोय." पडद्यावर एकेका नावापुढे हिरवा ठिपका यायचा आणि तुम्ही खुर्चीत उगाच ताठ व्हायचात.

'निधन' हे सेशन तुम्ही मला कधी उघडू दिलं नाहीत. तुम्ही आत असताना मी दाराशी उभी राहून पाहिलंय. सुरुवातीचं वाक्य आणि शेवटचं वाक्य एकदाच म्हणून ठेवलेलं, बारा वर्षांपूर्वीचं. मधल्या जागेत गेलेल्या माणसाचं नाव, वय, गाव तेवढं नवीन. शेवटी अंत्यविधीची वेळ. काम झालं की सेशन बंद, आणि मॅनेजरने विचारलं की सेव्ह करू का, तर नाही. दर वेळी नाही. मी विचारलं, का हो? तर म्हणालात, "मेलेल्याचं नाव मशिनीत साठवायचं न्हाई." एवढंच.

त्यावरून आपलं भांडण झालं होतं, ते तसंच राहिलं. मी म्हणाले होते, हे बरं नाही भावजी, प्रत्येकाच्या मरणाला तेच वाक्य, तोच सूर. शिळं दुःख वाढताय तुम्ही लोकांना. घरचा माणूस गेलाय त्यांचा, निदान दोन शब्द ताजे बोला. तुम्ही रागावलात. खरं रागावलात, कान लाल झाले. "वैनी, चेरमन मेला तर मी गळा काढून बोलनार, आन् ऊसतोडीवरचा मेला तर उरकून टाकनार. मानूस हाय मी. म्हणून वाक्य एकच. आवाज बी एकच. कुनाला वर न्हाई, कुनाला खाली न्हाई." मी म्हटलं, हा फौजी हिशेब झाला. तुम्ही कॉम्प्युटर बंद करून मळ्यात निघून गेलात. दोन दिवस माझ्याकडे चहाला आला नाहीत. तिसऱ्या दिवशी आलात, पण तो विषय पुन्हा काढला नाहीत. मीही काढला नाही. वाटलं होतं, निवांत भांडू कधीतरी.

मग तो सोमवार. तुम्ही कसे गेलात ते मी लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला त्याची उजळणी नको. अंत्यविधी दुपारी बाराला ठरला. साडेनऊला नामदेव दारात येऊन उभा राहिला. रडून त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "बाई, पावनं यायचं हायती. गावात सांगाय पायजे. जाहिरात कोन करनार?"

कोण करणार म्हणजे मीच. मळ्यात गेले, खोली उघडली, तुमच्या खुर्चीत बसले. खुर्ची तुमच्या उंचीला लावलेली, माझे पाय लोंबकळत होते. मॅनेजरच्या यादीत 'निधन' दिसलं, त्यावर दाबलं. एकेक प्रोग्राम उठला. हिरवे ठिपके आले. वायरी आपोआप जोडल्या गेल्या, कुणी हात न लावता, बरोबर तुम्ही जोडायचात तशा. मागे वळून पाहिलं मी. खरंच पाहिलं. मग कानात तुमचा आवाज आला, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की", आणि पडद्यावरची उभी रेघ मधल्या जागेशी आली. तिथे तुम्ही खुणा करून ठेवलेल्या, इथून इथपर्यंत रेकॉर्डिंग आपोआप चालू होईल अशा. आता मला नाव घ्यायचं होतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, तरी सांगते. मी या घरात आले तेव्हा तुम्ही अकरावीत होतात. त्या दिवसापासून तुम्ही भावजी. दिराचं नाव घ्यायचं नाही हे मला कुणी बजावलं नव्हतं, ते आपलं होतंच. शाळेत हजेरीला तुमच्या नावाचा एक पोरगा होता, त्यालाही मी आडनावाने हाक मारायची, पोरं हसायची. रेघ तीनदा त्या जागेवरून निघून गेली आणि तीनदा माझं तोंड उघडलं नाही. चौथ्या वेळी घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वय एकसष्ट. राहणार पलूस. माझ्या तोंडात तुमचं नाव परक्या माणसाचं असल्यासारखं वाटलं. आणि लगेच कानात तुम्ही बोललात, यांचे दुःखद निधन झाले आहे. तुमच्या आवाजात जराही फरक नव्हता. चेरमनला जो होता तोच.

शेवटी वेळ सांगितली, फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आणि सेशन बंद केलं. मॅनेजरने विचारलं, सेव्ह करू का? भावजी, शाळेतल्या शेवटच्या दहा वर्षांत मी दुसरं काय केलं? पोरांची माहिती ऑनलाइन भरायची, आणि दर दोन ओळींनी सेव्ह, नाहीतर लाइट जायची आणि सगळा वर्ग पुसला जायचा. बोट आपलं आपण गेलं. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी, की बोट थांबवता आलं असतं, आणि मी थांबवलं नाही. ते नाव मी पुन्हा कधी घेणार नव्हते. ते कुठेतरी राहावं असं मला वाटलं.

त्या दिवशी रिक्षा फिरली तेव्हा गावात जे झालं ते तुम्ही पाहायला हवं होतंत. स्टँडवरचा पानवाला म्हणे हसला. त्याला वाटलं सुभेदारांनी कसलीतरी चेष्टा केलीय. एकजण थेट घरी येऊन शैलाला विचारायला लागला, "सायेब हायती न्हवं? आत्ताच बोलताना ऐकलं."

परवा हौसाबाई गेल्या. मी सेशन उघडलं आणि मधल्या जागेत तुमचं नाव होतं, माझ्या आवाजातलं, सेव्ह केलेलं. त्यावर दुसरं नाव रेकॉर्ड करायला माझा हात होईना. म्हणून मी शहाणपणा केला. हौसाबाईंच्या नावाला नवा ट्रॅक, म्हणजे वेगळी ओळ, काढला, तुमच्या नावाचा ट्रॅक मुका केला. नाव घेणार एवढ्यात लाइट गेली. पाच मिनिटांनी आली. सेशन पुन्हा उघडलं, आणि हवालदार मेजरने त्याचं काम चोख केलं, सेव्ह होतं तस्संच सगळं परत उभं केलं. नवा ट्रॅक गेला. तुमचा पुन्हा बोलका झाला. नवा ट्रॅक गेल्याचं मला दिसलं, तो मी परत काढला आणि हेडफोन न लावताच, पडद्यावरची रेघ बघत नाव घेतलं. तुमचा बोलका झाल्याचं दिसलं नाही. आणि फाइल देण्याआधी एकदा ऐकायची असते, ती मी ऐकली नाही. तुमचा आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. चूक सगळी माझी आहे.

धनगर वस्तीवर मी स्वतः जाऊन माफी मागून आले. हौसाबाईंचा लेक भला माणूस. म्हणाला, "असू द्या बाई. आमच्या आयेला सोबत मिळाली." मला तिथेच रडू आलं.

दुपारी शैला माझ्या दारात आली. डोक्यावरून पदर, चेहरा कोरडा. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आक्का," ती म्हणाली, "दोनदा मेलं व्हय आमचं मानूस?" मी पाट पुढे केला, ती बसली नाही. "चला मळ्यात. माझ्याम्होरं पुसा ते. आन् ह्यांचा आवाज बी बंद करा गावातला. कुनाचं मरान म्हटलं की मी खिडक्या लावत बसायचं, असं किती दिस?"

त्या खोलीत ती बारा वर्षांत आली नव्हती, जीव गुदमरतो म्हणायची. आत आली, दार लागलं, आणि तिने एकदम माझा दंड धरला. तिलाही कान वाजल्यासारखं झालं असणार. मी तिला खुर्ची दिली. मॅनेजरवर 'निधन' दाबलं, एकेक हिरवा ठिपका आला.

मी तिला खरं सांगून टाकलं. म्हटलं, शैला, मला हे पुसवत नाही. जन्मात एकदाच त्यांचं नाव घेतलंय मी.

"तुमी घेतलं तरी," ती म्हणाली. "मी लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच. तवा बी करवल्यांनी नुसता दंगा केला, ऐकलं कुनी न्हाई." आणि मग, "पुसा आक्का."

मी त्या पट्टीवर गेले, निवडली, पुसली. माझा आवाज गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवते.

पण जागा रिकामी झाली नाही.

तिथे खाली आणखी एक पट्टी होती. माझ्या पट्टीइतक्याच लांबीची, जुनी, फिकट. तुमच्या त्या खुणांमध्ये रेकॉर्डिंग चालू असलं की खालचं ऐकू येत नाही, वर मी रेकॉर्ड केल्यावर ती झाकलीही गेली होती, आणि त्या सकाळी माझ्या डोळ्यांना दिसत होतं तरी काय! पट्टीवर तुम्ही नाव घातलं होतंत, 'चाचणी'. तारीख बारा वर्षांपूर्वीची, ज्या दिवशी तुम्ही ही दोन वाक्यं म्हणून ठेवलीत त्याच दिवसाची.

मी लावलं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की. आणि मग तुम्ही तुमचं नाव घेतलंत. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. "वय वर्षे" म्हणालात आणि थांबलात. दोन सेकंद काहीच नाही, श्वासही नाही. मग "राहणार पलूस". यांचे दुःखद निधन झाले आहे.

मधली जागा किती मोठी ठेवायची, आवाज किती ठेवायचा, हे ठरवायला तुम्हाला एक नाव हवं होतं. जित्या माणसाचं कुणाचं घेणार, आणि मेलेल्याचं उसनं कसं घेणार? स्वतःचं घेतलंत. आणि ते तिथेच ठेवून बारा वर्षं गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव त्याच्यावर घातलंत. चेरमनचं, ऊसतोडीवरच्याचं, तुमच्या आईचंसुद्धा. काम झालं की सेव्ह न करता बंद, म्हणजे वरचं नाव जायचं आणि खाली तुम्ही. दर वेळी सेशन उघडलं की पहिल्यांदा तुमच्यासमोर तुमचंच मरण येत होतं, भावजी, आणि मग बाहेर येऊन माझ्याकडे चहा मागत होतात. मला कधी बोलला नाहीत. मी तुम्हाला शिळं दुःख वाढताय म्हणाले तेव्हाही नाही. ते शब्द मी परत घेते. वाक्य दर वेळी तेच असावं हे मला अजूनही पटलेलं नाही, पण शब्द परत घेते.

शैला रडली नाही. मी विचारलं, "हेही पुसू का?"

"न्हाई. ह्यांनी सोता ठेवलंय ते ऱ्हाऊ द्या."

"आणि गावातला आवाज?"

ती म्हणाली, "फिरू द्या. घरात कवा बसवत हुतं त्यास्नी? खिडकीचं माझं मी बघीन."

मॅनेजरने विचारलं, सेव्ह करू का. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी दाबलं.

निघायच्या आधी ती म्हणाली, "एकदा परत लावा." मी लावलं. तिने पदर सारखा केला आणि खुर्चीत पुढे सरकून बसली. तुमचं वाक्य आलं, तुमचं नाव आलं, वडिलांचं नाव, आडनाव. तुम्ही "वय वर्षे" म्हणून थांबलात, आणि शैला हळूच म्हणाली, "एकसष्ट." मग तुम्ही पुढे बोलायला लागलात.